नारळाला परवानगी नाही

माझ्या मुलीचा आठवा वाढदिवस आम्ही बागेत केला, तो काही निसर्गाच्या ओढीने नव्हे. आमची खोली करी रोडला चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे, आणि तिच्यात सहाजण बसले की सातव्याने दारात उभं राहून बोलायचं. सात वर्षं आम्ही वाढदिवस गॅलरीत केले. सतरंजी अंथरायची, मजल्यावरच्या पोरांना ओळीने बसवायचं, कागदी बशीत वेफर्स, केकचा तुकडा आणि एक पेढा द्यायचा, आणि तासाभराने गॅलरी झाडून घ्यायची. कुणाला त्यात काही कमी वाटत नव्हतं.

पण मुलगी दुसरीत गेली आणि तिच्या वर्गातल्या मुलांचे वाढदिवस मॉलमधल्या खेळघरांत व्हायला लागले. तिथे उड्या मारायच्या जाळ्या, प्लॅस्टिकच्या चेंडूंचा हौद, आणि पायात त्यांचेच मोजे घालायची सक्ती. सहा महिन्यांत ती अशा पाच ठिकाणी जाऊन आली. घरात कार्टूनच्या पाच पाण्याच्या बाटल्या जमल्या. लोकांकडे पाच वेळा खाऊन आल्यावर त्यांना एकदा तरी बोलवावं लागतं, हे मला कुणी शिकवायला नको. मी एका खेळघरात फोन करून विचारलं. त्यांचा हिशेब डोक्यामागे होता, आणि मुलांना सोडायला आलेल्या आयांचीही डोकी ते मोजणार होते. मी "बघून सांगते" म्हटलं आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं.

मी परळला एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. लॅबमधून घरी येताना एक बाग लागते. तिचं फाटक, शेजारचा नियमांचा फलक, आतला मोठा पर्जन्यवृक्ष आणि फाटकातल्या खुर्चीवरचा वॉचमन हे सगळं मी रोज बघते, पण आत कधी गेले नव्हते. त्या दिवशी गेले. वॉचमनला विचारलं, लहान मुलांचा वाढदिवस इथे करता येईल का.

"किती पोरं?"

"पंधरा."

"करा की ताई. कोण नाय म्हणत नाय. फक्त स्पीकर नको, झाडाला खिळे नकोत, आणि फुगे फोडून तुकडे टाकून जायचे नाहीत. दुपारी बाग बंद असते, चारला उघडतो. झाडाखालची जागा पाहिजे तर चारलाच या, मागनं आलात तर तिथं पत्तेवाले बसतात."

माझं काम पाच मिनिटांत झालं. घरी येऊन सांगितलं तर नवरा म्हणाला, "पाऊस पडला तर?" वाढदिवस जानेवारीत. काही माणसांना हो म्हणण्याआधी एक शंका काढावीच लागते. सासऱ्यांनी मात्र लगेच विचारलं, "झाड कसला आसा?" मी सांगितल्यावर त्यांनी मान डोलावली, जणू झाडावरच सगळं अडून होतं.

आता सासऱ्यांबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळे झालं. खरं तर माझ्यामुळे झालं, पण त्यांच्या बाबतीत.

ते मालवणकडचे. तरुणपणी गिरणीत लागले, गिरणी बंद पडली, मग फोर्टातल्या एका ऑफिसच्या इमारतीत लिफ्टमन म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर लोकांना वर-खाली नेलं, पण कुणाशी फारसं बोलले नाहीत. घरातही दिवसभरात मोजून दहा वाक्यं. फक्त गाऱ्हाणं घालायला उभे राहिले की त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत जातो.

गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. कोकणात कुठलंही काम सुरू करायच्या आधी घरातला मोठा माणूस हातात नारळ घेऊन उभा राहतो आणि देवाला सगळं सांगतो: आज काय आहे, कोण कोण जमलंय, तुझ्याकडे काय मागणं आहे. एकेक वाक्य झालं की जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते म्हटलं नाही तर गाऱ्हाणं अर्धवट राहतं. देवापुढे एकट्याच्या बोलण्याला किंमत नाही, बाकीच्यांनी साक्ष द्यावी लागते, असं सासरे मानतात.

माझं माहेर गिरगावातलं. आमच्याकडे देवाशी हळू आवाजात बोलायची पद्धत, शेजाऱ्यांना कळू नये अशी. त्यामुळे लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीत सासऱ्यांनी आवाज लावला तेव्हा मला वाटलं, कुणाशी तरी भांडण लागलं. मी हातातली परात घेऊन धावत बाहेर आले, तर सगळे हात जोडून उभे. नणंदेने कोपराने ढोसून सांगितलं, "व्हय म्हाराजा म्हण." मी म्हटलं. तेव्हापासून म्हणत आले. मुलीच्या पहिल्या वाढदिवसापासून सातव्यापर्यंत दरवर्षी केक कापायच्या आधी गॅलरीत नारळ, गाऱ्हाणं आणि मजल्यावरच्या पोरांचं दणदणीत "व्हय म्हाराजा" हे ठरलेलं होतं. पोरं केकपेक्षा त्याचीच वाट बघायची, कारण एवढ्या मोठ्याने ओरडायला एरवी कोण देतं?

घोळ झाला तो सातव्या वाढदिवसाला. नवऱ्याने त्या गाऱ्हाण्याचा व्हिडिओ काढला आणि हौसेने स्टेटसला ठेवला. तो वर्गातल्या एका मुलीच्या आईने बघितला, तिच्या मुलीने बघितला. ही मुलगी म्हणजे माझ्या मुलीची जवळची मैत्रीण, आमच्या मागच्याच टॉवरमध्ये एकोणिसाव्या मजल्यावर राहणारी. घरी गुजराती, शाळेत इंग्रजी, आणि आमच्याशी मराठी, तिची तिने जुळवलेली. दुसऱ्या दिवशी बाईंनी हजेरी घेताना तिचं नाव पुकारलं, तर ती उभी राहून म्हणाली, "व्हय म्हाराजा!" वर्ग हसून लोळला. मग पुढच्या सहा मुलांनी तेच केलं. माझी मुलगी घरी येऊन रडली. दोन दिवस ती सासऱ्यांच्या शेजारी जेवायला बसली नाही. त्यांना कारण कळलं नाही, त्यांनी विचारलंही नाही.

म्हणून यंदा बागेचं ठरल्यावर तिने पहिली अट तीच घातली. रात्री वेणी सोडताना म्हणाली, "आई, आजोला सांग ना, या वेळी ते व्हय म्हाराजा नको."

"का?"

"तुला माहितेय का ते."

मला माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. पाच खेळघरांत मी ज्या आयांच्या शेजारी चकचकीत सोफ्यावर बसून आले होते, त्या आता बागेत चटईवर बसणार, एवढ्यानेच मी घरातल्या चटया दोनदा धुतल्या होत्या. त्यात सासरे धोतर सावरत उभे राहून आवाज लावणार! मुलीने मागणी केली आणि माझं काम सोपं झालं. हे मी तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नाही.

सरळ सांगता आलं असतं. "बाबा, पोरीला लाज वाटते, या वर्षी राहू दे" म्हटलं असतं तर ते ऐकणारे आहेत. पण मी वाढदिवसाच्या रविवारआधीच्या सोमवारी पोळ्या लाटता लाटता, त्यांच्याकडे पाठ करून म्हटलं, "बाबा, एक राहिलंच सांगायचं. बागेत नारळ फोडायला परवानगी नाही. गाऱ्हाणंबिऱ्हाणंही नको म्हणालाय वॉचमन. आवाज चालत नाही."

मुलगी तिथेच वह्या-पेन्सिलींचा पसारा घेऊन बसली होती. तिला ठाऊक होतं की वॉचमन असं काही म्हणाला नाही, कारण ही मागणी तिचीच होती. तिने वर बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं. खोटं कसं बोलावं याची शिकवणी मी घरबसल्या दिली होती.

मागे सासऱ्यांनी पेपराची घडी घातली. मग म्हणाले, "बरां."

त्यांच्या दहा वाक्यांतलं ते एक. विषय संपला असं मी धरलं.

तो आठवडा तयारीत गेला. जेवणात इडली-चटणी ठेवली. इडली थंड झाली तरी चालते आणि हात बरबटत नाहीत. येणाऱ्यांना परतभेट म्हणून माझ्या जुन्या ओढण्यांच्या, नाडीने बंद होणाऱ्या पिशव्या शिवल्या, प्रत्येकीत दोन पेन्सिली. खेळांचं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. जादूगाराला विचारलं तर त्याचा भाव ऐकून मीच गायब झाले. शुक्रवारी सासरे संध्याकाळी फिरून आले ते खूप उशिराने, आणि पिशवीत कौलाचे तुकडे घेऊन. चाळीच्या मागे दुरुस्तीचं काम चाललं होतं, तिथून वेचलेले. शनिवारी दिवसभर गॅलरीत बसून त्यांनी ते दगडावर घासले, कडा गुळगुळीत केल्या आणि एकावर एक नीट बसतात का ते बघितलं. सात तुकडे, मोठ्यापासून लहानापर्यंत.

"लगोरी," ते म्हणाले. "पोरांका येता?"

"नाही येत."

"शिकवतंय."

रविवारी सकाळी मी साडेपाचला उठले. ओट्यावर ताटलीखाली नारळाची दोन भकलं झाकून ठेवलेली दिसली. नवऱ्याने रात्रीच आणून, फोडून ठेवला असेल असं वाटलं, एकदा माणसाने न सांगता काम केलं म्हणून मनात कौतुकही केलं. खोबरं खरवडलं, मिरची, आलं, कोथिंबीर घालून चटणी वाटली. ताटलीच्या कडेला हळदीचं बोट लागलेलं होतं. ते मी पुसून टाकलं.

चारच्या ठोक्याला सासरे चटया खांद्यावर टाकून जागा धरायला गेले. मी साडेचारला डबे घेऊन पोचले, तर झाडाखाली चारी चटया कडेला कड लावून अंथरलेल्या आणि त्यांच्या चार कोपऱ्यांवर चार पाण्याच्या बाटल्या ठेवलेल्या. पत्तेवाले लांब बाकावर बसून रागाने बघत होते. सासरे झाडाच्या पलीकडे लगोरी रचून बघत होते.

वॉचमन फिरत फिरत आला. डबे बघितले, केकचा खोका बघितला. म्हणाला, "नारळ कुठाय ताई?"

"कसला नारळ?"

"अहो, आजोबा शुक्रवारी येऊन विचारून गेले ना. नारळ फोडायला मनाई आहे काय म्हणून. मी बोललो, मनाई कशाला असेल? खुशाल फोडा, फक्त करवंटी उचला, पोरांच्या पायात यायची. देवाचं काय ते मोठ्याने म्हटलं तर चालेल काय विचारत होते. मी बोललो, स्पीकर नको, तोंडाने म्हणा की किती म्हणायचं ते. अर्धा तास बसले होते माझ्याजवळ. चांगला माणूस आहे."

माझ्या हातात इडलीचा डबा होता. तो मी चटईवर ठेवला, मग उचलला आणि दुसऱ्या चटईवर ठेवला. म्हणजे शुक्रवारपासून त्यांना माहीत होतं. दोन दिवस माझ्या हातचं जेवले, माझ्यासमोर बसून कौलं घासली, आणि एका शब्दाने विचारलं नाही की सूनबाई, खोटं का बोललीस.

मी झाडाच्या पलीकडे गेले. ते वाकून लगोरीचा सगळ्यात वरचा तुकडा बसवत होते. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "बाबा, चहा हवा का?"

"नको गो," ते म्हणाले.

पाचला मुलं यायला लागली. ज्या आयांची मी एवढी धास्ती घेतली होती, त्यांपैकी तीनच थांबल्या, बाकीच्या मुलं सोडून गेल्या. थांबलेल्यांनी चपला काढून चटईवर मांडी घातली, आणि त्या टॉवरवाल्या मैत्रिणीची आई तर पाय पसरून झाडाला टेकून म्हणाली, "हाय राम, किती शांत आहे! त्या प्ले झोनमधून आलं की माझं डोकं दोन दिवस दुखतं." मी सहा महिने जिला घाबरले ती ही. माणूस स्वतःच्या मनात काय काय लिहून ठेवतो आणि दुसऱ्याच्या नावावर खपवतो!

लगोरी भलतीच जमली. सासऱ्यांनी दोन गट पाडले, नियम दोन वाक्यांत सांगितले आणि चेंडू दिला. पहिल्या पाच मिनिटांत सगळे एकमेकांवर ओरडत होते, दहाव्या मिनिटाला पटाईत झाले. शाळेत "हळू बोला" ऐकणारी मुलं घसा फाडून "लगोरीऽऽ" म्हणत होती. बागेतल्या पार्टीला दार नसतं, त्यामुळे झोपाळ्यावरची पोरंही येऊन उभी राहिली. आधी कडेला, मग हळूच आत. मी नवऱ्याला म्हटलं, "ही कुणाची? केक पंधरा जणांचा आहे." सासऱ्यांनी ते ऐकलं. म्हणाले, "येवंदेत. तुकडे बारीक कर." मग एकूण बावीस झाली. मी मनातल्या मनात सुरी फिरवून बघितली.

सहाला मुलांना केकजवळ बोलावलं. सगळी घामाघूम, गुडघ्यांना माती. नवरा मेणबत्ती लावत होता आणि वारा ती विझवत होता. सासरे सगळ्यांच्या मागे उभे, हात पाठीशी बांधून. लिफ्टमध्ये माणसं भरल्यावर ते असेच कोपऱ्यात उभे राहत असतील, असं मला वाटलं.

तेवढ्यात ती टॉवरमधली मैत्रीण मुलांमधून वाट काढत मागे गेली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली. "आजो," ती म्हणाली. आमच्या मुलीचं ऐकून तीही त्यांना आजोच म्हणते. "ते व्हय म्हाराजावालं कधी आहे? मला ते करायचंय. व्हिडिओमधलं. मी मम्माला पण आणलं, ते बघायला."

सगळी पोरं वळली. मुलीने माझ्याकडे बघितलं. हजेरीला ती मैत्रीण चिडवत नव्हती तर. तिला ते आवडलं होतं, आणि आवडलेली गोष्ट पोरं पहिली ओरडून बघतात, एवढंच होतं ते. ते आम्हा दोघींना वर्षभर सुचलं नव्हतं.

सासऱ्यांनी त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. ते म्हणाले, "हंयसर परवानगी नाय गो बाय. वॉचमन ओरडतलो."

वॉचमन चार पावलांवर उभा होता. त्याने तोंड उघडलं. सासऱ्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं आणि त्याने ते मिटलं. मग तो माझ्याकडे बघायला लागला.

मी आयुष्यात बरेच अपमान सोसलेत, लॅबच्या काउंटरवर तर रोज एक असतो. पण कुणी माझा अपमान होऊ नये म्हणून खोटं बोललं, आणि तेही माझंच खोटं उचलून, असं कधी झालं नव्हतं. मला भयंकर लाज वाटली. एवढी की ती सोसण्यापेक्षा बोलून टाकणं सोपं होतं.

"परवानगी आहे," मी म्हटलं. माझा आवाज जरा जास्तच चढला. "वॉचमन नाही म्हणालेच नव्हते. मीच खोटं सांगितलं. बाबा, तुम्ही घाला गाऱ्हाणं."

नवरा हातात काडेपेटी घेऊन एकदा माझ्याकडे आणि एकदा वडिलांकडे बघत होता. त्याला यातलं काही माहीतच नव्हतं. मुलगी केकसमोरून उठली, मागे गेली आणि तिने सासऱ्यांचा हात धरला. म्हणाली, "मीच सांगितलं होतं आईला. आजो, कर ना."

सासऱ्यांनी घसा खाकरला. "नारळ नाय," ते म्हणाले.

"मी आणते, पाच मिनिटांत आणते. समोर वाण्याकडे..."

"नको. नारळ सकाळीच फोडलंय, घरात, देवासमोर. तू तेची चटणी केलंस." ते हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "गाऱ्हाणाय घातलंय, हळू आवाजात. पण व्हय म्हाराजा म्हणूक कोण नव्हता. तुम्ही सगळी निजलेली."

ताटलीच्या कडेचं हळदीचं बोट मला तेव्हा आठवलं.

"मग आता म्हणतो आम्ही," ती मैत्रीण म्हणाली. तिला सगळा प्रश्न अगदी साधा वाटत होता, आणि होताही.

सासऱ्यांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, चपला काढल्या आणि झाडाकडे तोंड करून हात जोडले. बावीस पोरं त्यांच्या मागे उभी राहिली. तीन आया उठल्या. वॉचमननेही टोपी काढली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" पत्तेवाल्यांचे पत्ते हातातच राहिले.

"आज आमच्या नातीक आठ वर्सां पुरी झाली."

"व्हय म्हाराजा!"

"तिच्या वांगडा जी काय लेकरां जमली हत, वळखीची आणि बिनवळखीची, तेंका सगळ्यांका सुखात ठेव."

"व्हय म्हाराजा!" झोपाळ्यावरची पोरं सगळ्यात मोठ्याने ओरडत होती. त्यांना आपलं नाव निघाल्यासारखं वाटलं असेल.

"ह्या झाडाक, ह्या बागेक आणि ह्या राखणदाराच्या पोराबाळांका सांभाळ."

"व्हय म्हाराजा!" वॉचमन पुटपुटला.

मग सासरे क्षणभर थांबले. आवाज खाली आला.

"आणि आमच्यातल्या कोणाकडसून काय चुकला-माकला आसात, कोण काय खोटा बोल्ला आसात, तर ता पोटात घाल आणि लेकराक पदराखाली घे रे म्हाराजा!"

चुकलं-माकलं दरवर्षी असतं. खोट्याचं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. पोरांनी आरोळी ठोकली. मला त्यांच्यात मिसळून म्हणता आलं असतं, कुणाला कळलंही नसतं. पण मी सासऱ्यांच्या पाठीकडेच बघत राहिले आणि मागे पडले. सगळ्यांचं ओरडून झालं, बाग शांत झाली, आणि मग माझं एकटीचं "व्हय म्हाराजा" बाहेर पडलं. पोरं खो खो हसली.

त्यानंतर केक कापला. तेवीस तुकडे केले, त्यातला एक वॉचमनचा, आणि आयांना दोन इडल्या जास्त दिल्या. चटणी सगळ्यात आधी संपली. टॉवरवाल्या आईने कृती विचारली. मी ती सांगितली, नारळ कुठला ते सांगितलं नाही.

सव्वासातला मुलं गेली. आम्ही चटया झटकल्या, कागदी बशा पिशवीत भरल्या, वॉचमनला केकचा जपून ठेवलेला तुकडा दिला. नवरा आणि मुलगी डबे घेऊन पुढे गेले. मी आणि सासरे मागून चाललो. त्यांच्या हातात लगोरीची पिशवी होती आणि कौलं एकमेकांवर वाजत होती. सिग्नलपर्यंत मी धीर गोळा करत होते. तिथे गाड्या थांबायची वाट बघताना म्हटलं, "बाबा, ते शेवटचं. खोटं बोलल्याचं. मला कळलं ते."

"काय कळला?"

"माझ्यासाठी होतं ना ते?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं.

"तुज्यासाठी कित्याक?" ते म्हणाले. "त्या चेडवाक, टॉवरातल्या पोरीक, परवानगी नाय म्हणून मी नाय सांगलंय? वाढदिवसाक इलेला पोर, आणि तेका मी खोटा सांगलंय. मग देवाक सांगूक नको?"

सिग्नल सुटला. ते रस्ता ओलांडायला लागले, आणि मी त्यांच्या मागून गेले.